उंबऱ्याच्या अलीकडे

घर बांधायचे म्हणून जो कोणी त्या कचेरीची पायरी चढे, त्याच्यापुढे मोठे सर आधी चहा ठेवीत आणि मग आल्बम. आल्बम चांगला उशीएवढा जाड होता. त्यात घरांच्या नाना तऱ्हा होत्या: गोल खांबांची घरे, उतरत्या छपरांची घरे, उघड्या विटांची, भिंतींऐवजी काचा लावलेली, मधोमध अंगण ठेवून भोवती खोल्या गुंफलेली. माणसे पाने उलटत, एकमेकांना कोपराने ढोसत आणि शेवटी एखाद्या चित्रावर बोट ठेवून मोकळी होत. ‘आधी कापड पसंत करा, माप मागाहून घेता येतं,’ असे सर म्हणत आणि स्वतःच्या या वाक्यावर स्वतःच हसत.

त्याच कचेरीत, खिडकीपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात, एक तरुण आर्किटेक्ट बसे. कोपऱ्यात बसतो आणि बोलायची वेळ आली की आणखी कोपऱ्यात सरकतो, म्हणून सरांनी त्याचे नाव ‘कोपऱ्या’ ठेवले होते. आणि कोणी दिलेले जुने स्वेटर मुकाट्याने अंगात घालावे तसे त्याने ते नाव घालून टाकले होते. त्याला मात्र कापडाआधी माप घ्यावेसे वाटे, आणि माप घेण्याची त्याची रीत जगावेगळी होती. नवे घर कागदावर उतरवण्यापूर्वी तो त्या माणसांचे जुने घर पाहायला मागे, तेही घरात कोणी नसताना. टेप खिशातच राही. तो पाही ती झीज.

कोणती फरशी पावलांनी गुळगुळीत झाली आहे, दाराच्या चौकटीवर हाताचा मळ किती उंचीवर साचला आहे, खुर्चीमागच्या भिंतीला डोके टेकून टेकून कुठे काळसर गोल पडला आहे, हे तो पाहत हिंडे. माणसाला काय हवे असे विचारले तर तो आल्बममधले सांगतो. त्याला काय लागते ते त्याचे घर सांगते, असा त्याचा विश्वास होता. एका निवृत्त गृहस्थांना काचेचे घर हवे होते. त्यांच्या जुन्या घराच्या फाटकाची वरची पट्टी मात्र हात टेकून टेकून चकाकत होती, म्हणून याने नव्या फाटकाशेजारी एक बाक काढला. आता ते गृहस्थ सकाळ-संध्याकाळ त्या बाकावर सापडत, आणि काचेचा विषय त्यांच्या तोंडून पुन्हा कधी निघाला नव्हता. तेव्हापासून सर त्याच्या या खुळाला आडवे जात नसत.

खरे सांगायचे तर ते खूळ त्याच्या लाजाळूपणातून जन्मले होते. माणूस समोर बसला की याची नजर चहाच्या कपात पडे. पण तोच माणूस घराबाहेर गेला, की त्याच्या रिकाम्या खोल्यांत तो निवांतपणे त्याच्याशी ओळख करून घेऊ शके.

औषधवाले कचेरीत आले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांची बायको होती. खाली औषधांचे दुकान, वर घर, अशा जागेत त्यांचे आयुष्य गेले होते. आता शहराच्या कडेला त्यांनी एक मोकळा तुकडा घेतला होता. बायको प्राथमिक शाळेत शिकवीत असे आणि सगळे तिला नुसते ‘बाई’ म्हणत. औषधवाल्यांना आल्बमने पुरते भारून टाकले. एका भेटीत त्यांना खांब हवे होते. पुढच्या भेटीत खांब नको, कमानी हव्या झाल्या. त्यापुढच्या भेटीत उघड्या विटांवर जीव जडला, पण कमानींवरचा सुटला नव्हता. शेवटी सर म्हणाले, ‘साहेब, औषधं एकात एक मिसळलेली तुम्हाला चालत नाहीत ना? मग घरंही नका मिसळू. अंगावर पुरळ उठेल.’ औषधवाले खदखदून हसले. बाई मांडीवरच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांना काय हवे असे सरांनी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की मला काहीही चालेल. कोपऱ्याला त्यांच्यापुढे उभे केले गेले तेव्हा त्या बसलेल्या होत्या, आणि त्याला परत जागेवर पाठवले तेव्हाही बसलेल्याच होत्या. त्याच्या लक्षात राहिला तो फक्त त्यांच्या बोटावरचा लाल शाईचा डाग.

दुसऱ्याच दिवशी, नवराबायको आपापल्या कामाला गेल्यावर, तो किल्ली घेऊन जिना चढला, कुलूप काढले आणि उंबरा ओलांडून आत उभा राहिला. घराला रंग लावून बरीच वर्षे झाली असावीत. औषधवाले रंगाच्या बाबतीत हात आखडता घेतात हे सरांनी आधीच गमतीने सांगितले होते. त्याला आनंदच झाला. रंग न लावलेले घर म्हणजे त्याच्या लेखी पाने न फाडलेले पुस्तक होते.

आणि काय पुस्तक होते ते. त्या घरात एक बाई राहत होती, आणि तिच्या खुणा इतक्या स्पष्ट होत्या की पाऊल टाकताना ती आत्ताच बाजूच्या खोलीत गेली असावी असे वाटे. ती उंच होती. फळीच्या काठावर तिचा तळवा जिथे टेके तिथला रंग उडाला होता आणि ती जागा कोपऱ्याच्या कपाळाच्या वर होती. ती डावखुरी होती. स्वयंपाकाच्या ओट्यावर सुरीच्या बारीक रेघा डाव्या अंगाला दाट होत्या, कपाटाची मूठ डाव्या हाताने ओढली गेल्यासारखी झिजली होती. पलंगापासून पश्चिमेच्या खिडकीपर्यंत फरशीवर एक फिकट वाट उठली होती, अनवाणी पावलांनी घासून घासून केलेली. आणि खिडकीच्या चौकटीत, डाव्या हाताला, एक उथळ खळगा होता. तिथे कोपर ठेवून कोणीतरी असंख्य संध्याकाळी बाहेर पाहिले होते. त्याने तिथे आपले कोपर ठेवून पाहिले. समोर छपरांच्या पलीकडे नदीचा एक तुकडा चमकत होता, रुमालाएवढा.

तो तिथे किती वेळ उभा राहिला, त्याचे त्यालाच कळले नाही. शाळेतून दमून येणारी, वह्या बाजूला टाकून रुमालाएवढ्या नदीकडे पाहणारी ही बाई कचेरीत ‘मला काहीही चालेल’ म्हणाली होती. आणि इथे तर तिचे सगळे ठाम होते. लाजऱ्या माणसांचे असेच असते, असे त्याला वाटले, आणि मनातल्या मनात त्याने तिच्याशी नाते जोडून टाकले. ओट्याखाली एक लाकडी स्टूल सारून ठेवलेले होते. वसतिगृहात शिकणाऱ्या त्यांच्या मुलीच्या लहानपणीचे असेल, असे समजून त्याने ते होते तिथेच सारले.

पुढचे दिवस तो कागदावरून उठला नाही. जे घर उतरले ते आल्बममधल्या कुठल्याच पानावरचे नव्हते. उतरते छप्पर होते, विटा उघड्या होत्या, औषधवाल्यांचा मान राखून एक कमानही होती. पण हे सगळे त्या घराचे कपडे होते. त्याचा जीव होता पश्चिमेची खिडकी. पलंगापासून खिडकीपर्यंतची वाट, चौकटीत डाव्या हाताला कोपरासाठी खोलगट लाकूड, तिथून दिसेल असा नदीचा मोठा पट्टा, उंच ओटा, उंच फळ्या, डाव्या हाताला उघडणारी दारे. त्याने आजवर काढलेल्या घरांत हेच सर्वांत खरे होते.

औषधवाल्यांनी नकाशा पाहिला आणि चष्मा काढून हातात धरला. मग म्हणाले, ‘हे आमचंच घर आहे. कोणी सांगितलं तुम्हाला?’ त्यांचे डोळे भरून आले होते. सरांनी अभिमानाने कोपऱ्याकडे पाहिले, जणू तो त्यांनीच घडवलेला होता. बाई नकाशावर वाकल्या. त्यांचे बोट स्वयंपाकघरातून निघाले, खिडकीपर्यंत गेले, थांबले. ओटा किती उंच ठेवलाय, एवढेच त्यांनी विचारले. आत्ता आहे अगदी तेवढाच, एका बोटाचाही फरक नाही, असे त्याने मोठ्या उत्साहाने सांगितले. बाईंनी मान हलवली.

‘छान आहे,’ त्या म्हणाल्या.

पाया खणण्याआधी जागेवर चुन्याची फक्की टाकून घराची खऱ्या मापाची आखणी करायची आणि घरच्या माणसांना त्या रेघांमधून एकदा फिरवून आणायचे, हीही त्याचीच रीत होती. त्या दुपारी ऊन मऊ होते. औषधवाल्यांची मुलगी कॉलेजच्या वसतिगृहातून सुट्टीवर आली होती, तीही बरोबर आली. औषधवाले पांढऱ्या रेघांच्या घरात असे हिंडत होते की जणू भिंती उभ्याच राहिल्या आहेत. दाराच्या जागेतूनच आत जात होते, आणि कोपऱ्याने चुकून भिंतीतून पाय टाकला तेव्हा त्याला दटावतही होते, ‘अहो, प्लास्टर ओलं आहे अजून.’

मुलगी खिडकीच्या जागी जाऊन उभी राहिली. तिथे त्याने चौकटीच्या उंचीवर एक फळी टेकवून ठेवली होती. तिने सहज डावे कोपर त्या फळीवर टेकले, आणि ते असे नेमके बसले की तो पाहतच राहिला. ती उंच होती. मग त्याचे लक्ष बाईंकडे गेले. त्या रेघांच्या बाहेर उभ्या होत्या, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून, दुसऱ्याच्या घरी दार उघडण्याची वाट पाहत उभे राहावे तशा. पहिल्यांदाच तो त्यांना उभ्या पाहत होता. बाई ठेंगण्या होत्या. त्या ओट्याशी उभ्या राहिल्या तर तो त्यांच्या छातीपर्यंत आला असता.

मुलगी त्याच्याजवळ आली. ‘तुम्ही आईला ओळखत होता का?’ तिने हळू आवाजात विचारले.

‘आईंना? त्या तर तिथे…’

‘ती मावशी. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. नंतर बाबांनी मावशीशी लग्न केलं.’ मुलीने पुन्हा खिडकीच्या जागेकडे पाहिले. ‘आई अशीच उभी राहायची इथे. म्हणजे, तिथे. म्हणून विचारलं.’

आता त्याला एकेक गोष्ट आठवू लागली. ही मुलगी बाईंना मावशी म्हणते हे त्याने मघाशी ऐकले होते, आणि कित्येक घरांत मुले आईला वहिनी म्हणतात, काकू म्हणतात, तसेच काही असेल म्हणून सोडून दिले होते. भिंतीवर आईची तसबीर दिसली नव्हती; ती आपण वसतिगृहात नेली, असे मुलीने सांगितले. आणि रंग न लावण्यामागे कंजूषपणा नव्हता. त्याने सगळे बरोबर वाचले होते, फक्त ज्या बाईचे वाचले ती कधीच निघून गेली होती. जी राहत होती तिच्यासाठी त्याने एका बोटाचाही फरक न करता पुन्हा तेच घर उभे केले होते, या वेळी विटांचे आणि कायमचे.

जुन्या घरात निदान बाईंना असे म्हणता येत होते की हे माझ्या आधीचे आहे. नव्यात तेही म्हणता आले नसते.

परतताना औषधवाले गाणे गुणगुणत होते. खणायला माणसे यायची होती ती आठवडा उलटल्यावर. सरांना त्याने सांगितले तेव्हा सरांनी आधी डोक्याला हात लावला, मग शांतपणे समजावले की गिऱ्हाईक खूश आहे, बाईही ‘छान आहे’ म्हणाल्या आहेत, आणि चांगल्या चाललेल्या संसारात आर्किटेक्टने नाक खुपसू नये. ओटा हवा तर थोडा खाली घे, म्हणाले. पण ओटा खाली घेऊन भागणार नव्हते हे त्याला ठाऊक होते. खाली घेतलेल्या ओट्याचे घर म्हणजे दुसरीच्या मापाचा सदरा बाह्या दुमडून घालणे.

दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. त्याला कोणाचीही वाट पाहणे जमत असे; बोलायला सुरुवात करणे जमत नसे. मुले सुटली, गलका विरला, मग बाई आल्या. त्याला पाहून त्या थबकल्या, आणि काही न विचारता त्याला वर्गात घेऊन गेल्या. तो मुलांच्या बाकावर बसला. गुडघे बाकात मावेनात. बाई फळा पुसू लागल्या.

‘बाई, माझी चूक झाली,’ तो त्यांच्या पाठीला म्हणाला. ‘ते घर तुमचं नाही.’

बाईंचा हात फळ्यावर क्षणभर थांबला आणि पुन्हा फिरू लागला. त्या म्हणाल्या की त्यांना ते पाहताक्षणीच कळले होते. पण यांच्या डोळ्यांत इतक्या वर्षांनी सुखाचे पाणी पाहिले, आणि आपल्याला स्टुलाची सवय झाली आहे. एक स्टूल तेवढे नव्या घरात न्यायचे, झाले. माणूस वाईट नाही, मुलगी जीव लावते, तक्रार करण्यासारखे त्यांच्याजवळ काहीच नव्हते. हे सगळे त्या अशा सुरात बोलल्या, की वर्गाला एखादी सोपी बेरीज समजावून देत असाव्यात.

‘मी तुम्हाला शोधत होतो त्या घरात,’ तो म्हणाला. ‘तुमची एकही खूण सापडली नाही.’

‘सापडेल कशी? मी ठेवलीच नाही.’ बाई वळल्या. त्यांच्या हातात फडके होते. ‘ग्रंथालयाचं पुस्तक कसं वाचतो आपण? पान दुमडत नाही, रेघ ओढत नाही. दुसऱ्याचं आहे ना. तसं राहिले मी.’

तो बराच वेळ बाकावर कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिला. मग त्याने विचारले, की त्या बसतात कुठे. म्हणजे शाळेतून दमून आल्यावर, कोणी काही मागायच्या आधी, पहिल्यांदा टेकतात कुठे. बाईंना प्रश्नच समजेना. खुर्चीवर, म्हणाल्या. मग म्हणाल्या, नाही, खुर्चीवर नाही, ती यांची. पलंगावर दिवसा बसत नाही. खिडकीत तर नाहीच. त्यांनी फडके घडी करून टेबलावर ठेवले, पुन्हा उलगडले. चेहऱ्यावर ऐन वेळी उत्तर न आठवणाऱ्या मुलासारखा गोंधळ उमटला, आणि मग त्या किंचित हसल्या.

‘जिन्यात बसते,’ त्या म्हणाल्या. ‘वळणावर. तिथे एक झरोका आहे ना, उजेड चांगला येतो. चार वह्या तपासते आणि मग वर जाते. पण ते काही घरात धरायचं नाही. यांना सांगू नका, उगीच मनाला लावून घेतील.’

तो जिना तो चढला होता आणि उतरला होता. उंबऱ्याच्या आत गेल्यावरच त्याचे डोळे उघडायचे. घर तिथून सुरू होते अशी त्याची समजूत होती. शाळेतून निघून तो तडक तिथे गेला. दुकानाच्या बाजूच्या दारातून आत शिरला, अर्धा जिना चढला आणि वळणावरच्या रुंद पायरीवर बसला. डावीकडे झरोका होता. दुपार कलताना त्यातून उजेडाची एक पट्टी मांडीवर येत होती. खालून दुकानातला आवाज येत होता, वरून काहीच येत नव्हते. त्याने उजवीकडे पाहिले.

भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या हाताशी, लाल खुणा होत्या. बारीक बारीक, एकीवर एक, ‘बरोबर’ची खूण करतात तशा. पेनातून शाई उतरत नसली की बाई तिथे ओढून पाहत असाव्यात. काही ताज्या होत्या, काही फिकट, आणि काही इतक्या जुन्या की त्यांचा नुसता गुलाबी भास उरला होता. येता-जाता त्या त्याला दिसल्या नव्हत्या असे नाही. पोराने भिंत खराब केली, एवढेच त्याच्या मनात येऊन गेले होते. त्याने तळवा त्या खुणांवर ठेवला. इतकी वर्षे जपून राहिलेल्या बाईंच्या हातून एवढे मात्र सुटले होते, तेही उंबऱ्याच्या अलीकडे, जिथे त्यांच्या मते घर नव्हते.

त्याने पुष्कळ विचार केला असे म्हणता येणार नाही. विचार केला असता तर तो उठलाच नसता. तो खाली गेला. औषधवाले एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगत होते. म्हातारा गेल्यावर तो म्हणाला, ‘साहेब, जरा जिन्यात येता?’

औषधवाल्यांना वाटले, नव्या घराच्या जिन्याबद्दल काही असेल. ते उत्साहाने आले. वळणावर त्याने त्यांना भिंत दाखवली. ते चष्मा सावरून वाकले, आणि म्हणाले की मुलगी लहानपणी फार भिंती रंगवायची. मग त्यांनी एका ताज्या खुणेवर बोट टेकले. बोटाला लाली आली. ते बोटाकडे पाहत राहिले.

‘बाईंनी तुम्हाला सांगू नका म्हटलं होतं,’ तो म्हणाला, आणि आयुष्यात प्रथमच कोणासमोर त्याने एका दमात इतके बोलून टाकले. फळीवरचा तळवा, ओट्यावरच्या रेघा, खिडकीतला खळगा, आपण कोणाला वाचले आणि कोण वाचायचे राहून गेले. स्टूल. ग्रंथालयाचे पुस्तक. बोलताना तो भिंतीकडेच पाहत होता, त्यामुळे औषधवाले केव्हा पायरीवर बसले ते त्याला दिसले नाही.

ते अगदी बाईंच्या जागी बसले होते.

‘मला वाटायचं, हिची शाळा उशिरा सुटते,’ ते म्हणाले. ‘मी खाली रेडिओ ऐकत असायचो. आणि ही इथे, माझ्या डोक्यावर.’

त्यांनी झरोक्यातून बाहेर पाहिले. तिथून नदी दिसत नव्हती. एक गल्ली, एक सायकलींचे दुकान आणि शाळेकडे जाणारा रस्ता दिसत होता.

‘तुमचा नकाशा पाहिला तेव्हा मला इतकं बरं वाटलं,’ ते म्हणाले, ‘की का बरं वाटतंय हे मी स्वतःला विचारलंच नाही. विचारायला हवं होतं ते मी. तुमची कसली चूक?’

खाली कोणीतरी हाक मारीत होते. ते उठले नाहीत. कोपऱ्या हळूच बाजूने उतरला आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, की मालक येताहेत, थोडे थांबा. शाळा सुटून बराच वेळ झाला होता. बाई यायच्या वाटेवर असतील हे त्याच्या ध्यानात आले, आणि तो रस्त्याच्या पलीकडून, कोणाच्या नजरेस न पडता, निघून गेला. जिन्यात त्या संध्याकाळी कोण काय बोलले ते त्याला कधीच कळले नाही. दुसऱ्या दिवशी औषधवाल्यांनी कचेरीत येऊन सरांना एवढेच सांगितले की खणायची घाई नाही, कोपऱ्याला पुन्हा काढू द्या, आणि या खेपेला आल्बमही नको.

सर कुरकुरले. पण औषधवाल्यांसाठी चहा मागवताना त्यांनी कोपऱ्यासाठीही एक कप सांगितला, आणि ही त्यांची माफी मागण्याची तऱ्हा होती.

पश्चिमेच्या खिडकीचे काय करायचे, हा प्रश्न राहिला होता. औषधवाले तिचे नावच काढीत नव्हते. नको म्हणायला त्यांची जीभ रेटत नव्हती आणि हवी म्हणायला तोंड नव्हते. तो प्रश्न मुलीने सोडवला. खिडकी माझ्या खोलीत द्या, ती म्हणाली, माझ्या कोपराला ती बसते. बाईंनी लगेच दुजोरा दिला, आणि नदी चांगली दिसेल अशी बाजू तिला द्यायला सांगितले.

नवे घर त्याने जिन्यापासून काढायला घेतले. बहुतेक घरांत जिना हा एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाण्यापुरता असतो. कुठल्या तरी अडगळीच्या बाजूला त्याला उभा करतात. याने तो घराच्या मधोमध आणला आणि त्याचे वळण एखाद्या लहानशा खोलीइतके ऐसपैस केले. तिथे बसायला रुंद लाकडी बैठक, वह्या ठेवायला हाताशी कोनाडा, शेजारी दुसऱ्या माणसाला टेकता येईल एवढी जागा, आणि रस्त्याकडे पाहणारा मोठा झरोका. खालच्या खोल्या तिथून दिसत होत्या, वरच्या ऐकू येत होत्या. ओटा त्याने बाईंना उभे करून, त्यांच्या कोपरापासून मोजून घेतला. मोजताना बाई संकोचून हसत होत्या, शिंप्याकडे पहिल्यांदा आलेल्या मुलीसारख्या.

पुन्हा चुना आला, पुन्हा रेघा पडल्या. या वेळी फीत धरायला औषधवाले स्वतः ओणवे झाले होते, आणि कंबर धरून सरांच्या नावाने काहीबाही पुटपुटत होते. जिन्याच्या वळणाच्या उंचीवर त्याने फळ्या टाकून एक मचाण बांधून घेतले होते, म्हणजे बसून पाहता येईल.

बाई रेघेबाहेर थांबल्या. मुलीने मागून त्यांना हलकेच ढकलले. ‘जा ना, मावशी. तुझंच आहे.’ त्या दाराच्या जागेतून आत आल्या, नवऱ्याने हात दिला, मचाणावर चढून बसल्या. सवयीने पिशवीतून एक वही काढली, मांडीवर उघडली, उजव्या हातात पेन घेतले. ऊन तिरपे येत होते. तो खाली उभा राहून वाट पाहत होता. आता त्या ‘छान आहे’ म्हणतील, आणि म्हणजे नेमके काय हे आपल्याला पुन्हा कळणार नाही, अशी त्याला भीती वाटत होती.

बाईंनी वहीवर पेन टेकले. थांबल्या. वही जराशी फिरवली, स्वतः जराशा फिरल्या.

‘नाही,’ त्या म्हणाल्या.

औषधवाल्यांनी वर पाहिले.

‘उजेड उजव्या बाजूनं येतोय. लिहिताना हाताची सावली अक्षरावर पडते. मला तो डावीकडून लागतो.’ त्यांचा आवाज वर्गात असतो तसा होता, शांत आणि स्वच्छ. ‘तिथे झरोका डावीकडे आहे. इथे उलटा झालाय.’

ते खरे होते. जिना त्याने उलट्या हाताने फिरवला होता. आधीच्या नकाशातल्या डाव्या हाताची सवय त्याच्या बोटांत अजून उरली होती. जिना फिरवायचा म्हणजे खालची खोली सरकणार, वरची सरकणार, दारे बदलणार. सगळा कागद आरशात धरल्यासारखा नव्याने काढावा लागणार. सर डोक्याला हात लावणार. त्याला मात्र वाटले की आजवर कोणी त्याच्या घराचे इतके कौतुक केले नव्हते.

‘डावीकडे,’ तो म्हणाला, आणि बुटाच्या टाचेने पहिली पांढरी रेघ पुसू लागला. थोड्या वेळाने औषधवाल्यांनीही चप्पल काढली आणि पलीकडच्या टोकापासून पायाने चुना सारायला सुरुवात केली. बाई मचाणावरून उतरल्या नाहीत. उजेड असेपर्यंत तेवढ्या वह्या उरकून घेते, म्हणाल्या, आणि वहीत मान घातली.